युटा, १८९६: पाच जागा, एक डॉक्टरीणबाई आणि दुकानातली स्टुलं

रानजाई

सॉल्ट लेक सिटीत राहायला येऊन मला सात वर्षं होत आली. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर, स्टेट स्ट्रीटवर, वालुकाश्माची एक जुनी दांडगी इमारत आहे. वर घड्याळाचा मनोरा, खाली जाड कमानी, भोवती मोठी झाडं. आज तिथे महापौरांचं कार्यालय आहे. पण १८९६ ते १९१६ अशी वीस वर्षं, टेकडीवरचं आत्ताचं विधानभवन बांधून होईपर्यंत, युटा राज्याचा कारभार याच इमारतीतून चालायचा.

मागच्या महिन्यात आई इकडे आली तेव्हा तिला ही इमारत दाखवायला घेऊन गेले. आईच्या दोन्ही पोटऱ्यांवरच्या शिरा फुगलेल्या आहेत, घट्ट पट्टे बांधून चालते. दारातल्या दगडी पायऱ्या चढून झाल्या आणि ती आतल्या बाकावर टेकली. तिला म्हटलं, "आई, इथे एक बाई आमदार होती, तिने दुकानातल्या मुलींना बसायला मिळावं म्हणून कायदा करून घेतला. सव्वाशे वर्षांपूर्वी." आई माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या गावातल्या एका रेडीमेड कपड्यांच्या दुकानात तिने एकोणीस वर्षं काउंटरवर काढली आहेत, सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, उभ्याने. काउंटरच्या मागे स्टूल नसायचंच. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, घड्या घालत राहायचं, असा शेठचा नियम होता.

त्या आमदार बाईंचं नाव डॉ. मार्था ह्यूज कॅनन. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेली पहिली स्त्री. ३ नोव्हेंबर १८९६ ला ती जिंकली. त्यावर लिहायचं केव्हापासून मनात होतं.

ही निवडणूक इकडे बहुतेकांना एकाच वाक्यात माहीत असते: बायकोने नवऱ्याला हरवलं. ते खरंच आहे. मार्था डेमोक्रॅट पक्षाची उमेदवार होती आणि तिचा नवरा अँगस कॅनन रिपब्लिकन पक्षाचा. तिला ११,४१३ मतं पडली, त्याला ८,७४२. पण गोष्ट इथेच थांबवली की निवडणूक म्हणजे घरातलं भांडण वाटू लागतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिनेटच्या जागा अठरा, खालच्या सभागृहाच्या पंचेचाळीस. सॉल्ट लेक काउंटीच्या वाट्याला सिनेटच्या पाच जागा होत्या आणि त्यांचे वेगवेगळे मतदारसंघ पाडलेले नव्हते. पूर्ण काउंटी मिळून एकच मतदारसंघ. प्रत्येक पक्षाने पाच जण उभे केले, मतदाराने पाच जणांना मत द्यायचं आणि सर्वांत जास्त मतं मिळवणारे पाच जण निवडून यायचे. म्हणजे नवरा-बायको एका जागेसाठी समोरासमोर नव्हतेच. मतदारांनी ठरवलं असतं तर दोघंही निवडून येऊ शकले असते!

मार्थाचा जन्म वेल्समधला, १८५७ चा, लँडडनोजवळचा. आईवडिलांनी मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला (युटा हे त्याचं मुख्य ठाणं, आणि तेव्हा त्यात पुरुषाने अनेक बायका करायची चाल होती) आणि कुटुंब अमेरिकेला निघालं. मैदानं ओलांडताना धाकटी बहीण वाटेतच गेली. १८६१ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले आणि तीन दिवसांत वडील गेले. पोर मोठी झाली ती छापखान्यात खिळे जुळवत. 'डेझरेट न्यूज' या वर्तमानपत्रात, आणि 'वूमन्स एक्स्पोनंट' या बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या पत्रात. पगारातून पैसे साठवून ती मिशिगन विद्यापीठात डॉक्टरी शिकायला गेली. तिथे बोर्डिंगातली भांडी घासून आणि अंथरुणं आवरून खर्च भागवला. १ जुलै १८८० ला, तेविसाव्या वाढदिवशी, पदवी हातात पडली. मग फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणखी शिकली. त्या वर्गात ती एकटीच बाई होती.

परत आल्यावर डेझरेट हॉस्पिटलात निवासी डॉक्टर झाली. अँगस कॅनन त्या हॉस्पिटलच्या कारभारातला, मॉर्मन चर्चमधला वजनदार माणूस, तिच्याहून तेवीस वर्षांनी मोठा. १८८४ साली तिने त्याच्याशी लग्न केलं. ती त्याची चौथी बायको.

हे वाचून काही जण अडखळतील याची कल्पना आहे. त्यावर खाली बोलूच. आधी निवडणूक.

युटाच्या बायकांना मताचा अधिकार १८७० सालीच मिळाला होता. वायोमिंगने तो दोन महिने आधी, १८६९ च्या डिसेंबरात दिला होता. पण प्रत्यक्ष मत आधी टाकलं ते युटाच्या बाईने, सेराफ यंग नावाच्या शिक्षिकेने, १४ फेब्रुवारी १८७० ला. पूर्वेकडच्या पुढाऱ्यांना वाटत होतं की मताचा अधिकार दिला की मॉर्मन बायका स्वतःच बहुपत्नीत्व मोडून काढतील. बायकांनी तसं केलं नाही. मग १८८७ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेसने एडमंड्स-टकर कायदा करून युटातल्या सगळ्या बायकांचं मत काढून घेतलं. मॉर्मन असो वा नसो, बहुपत्नीत्वातली असो वा कुमारिका. सतरा वर्षं मत देत आलेल्या बायका एका दिवसात मतदार राहिल्या नाहीत. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा.

१८९० साली चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं आणि राज्याचा दर्जा मिळायचा रस्ता मोकळा झाला. १८९५ साली घटना लिहायला सभा बसली. तिथे बायकांच्या मतावरून मोठी खडाजंगी झाली. बी. एच. रॉबर्ट्स विरोधात, ऑर्सन व्हिटनी बाजूने, आणि दोघंही मॉर्मनच. शेवटी कलम घटनेत आलं: मत देण्याचा आणि पद धारण करण्याचा हक्क लिंगावरून नाकारता येणार नाही. ४ जानेवारी १८९६ ला युटा पंचेचाळिसावं राज्य झालं आणि त्याच नोव्हेंबरात ही निवडणूक आली.

मार्था सिनेटमध्ये बसली आणि पहिल्याच महिन्यात तीन विधेयकं घेऊन आली. राज्याचं आरोग्य मंडळ स्थापन करण्याचं. मूक-बधिर आणि अंध मुलांना सक्तीचं शिक्षण देण्याचं. आणि तिसरं दुकानात काम करणाऱ्या मुली-बायकांच्या आरोग्याचं: गिऱ्हाईक समोर नसेल तेव्हा त्यांना बसता यावं म्हणून मालकाने स्टूल किंवा खुर्ची पुरवलीच पाहिजे.

डॉक्टर म्हणून तिने असे पाय पाहिले असणार. मी घरात पाहिले आहेत.

---

अनुस्वार

उत्तम लेख, रानजाई. एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. १८९६ ची निवडणूक चांदीवर लढली गेली. १८९३ च्या मंदीत सरकारने चांदी विकत घ्यायचं थांबवलं आणि पश्चिमेकडच्या खाणी बसल्या. युटात पार्क सिटीच्या खाणी होत्या. डेमोक्रॅट पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन हा चांदीची नाणी पाडायला मोकळीक द्या म्हणणारा. त्या वर्षी युटात त्याला शंभरातली ऐंशीहून जास्त मतं पडली. अशा लाटेत डेमोक्रॅट तिकिटावर कोणीही उभं राहिलं असतं तरी आलंच असतं. मग मार्थाचा विजय तिचा किती आणि ब्रायनचा किती?

---

रानजाई

@अनुस्वार, राग कसला, तुमचं बरोबरच आहे. आणखी एक पुस्ती जोडते. रिपब्लिकन पक्षाच्या सेंट लुईसच्या अधिवेशनातून चांदीवाले उठून बाहेर पडले, त्यांत युटाचा सिनेटर फ्रँक कॅनन होता. तो अँगसचा सख्खा पुतण्या. म्हणजे ज्या पक्षाच्या तिकिटावर काका उभा, तो पक्ष घरातच फुटलेला.

लाट होती म्हणून ती निवडून आली, हे मान्य. पण लाटेवर बसायला तिकीट लागतं. पाचांतलं एक तिकीट एका बाईला द्यायचं हे पक्षाने ठरवलं, कारण आता अर्ध्या मतदार बायका होत्या आणि ही बाई त्यांच्यात उठबस असलेली, १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बायकांच्या मताधिकारावर बोलून आलेली होती. रिपब्लिकनांनीही एक बाई उभी केली होती, एमेलिन वेल्स. ज्या 'वूमन्स एक्स्पोनंट'साठी मार्था पोरवयात खिळे जुळवायची, त्याच पत्राच्या या संपादिका, मताधिकाराच्या चळवळीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्या हरल्या. नवऱ्याच्या हरण्याची गोष्ट सगळे सांगतात, एमेलिनबाईंच्या हरण्याची कोणी सांगत नाही. मला तर तीच जास्त लागते. पंचवीस वर्षं लढून मत मिळवलं आणि पहिल्याच निवडणुकीत चांदीने त्यांना घरी बसवलं.

---

कोकणकडा

सुरेख धागा. त्याच दिवशी खालच्या सभागृहावर दोन बायका निवडून आल्या होत्या, त्यांचीही नोंद इथे असू दे. युरिथ लाबार्थ आणि ऑग्डेनच्या सॅरा अँडरसन.

अँडरसनबाईंची गोष्ट मला फार आवडते. १८९५ साली घटना तयार झाली, पण तिला मंजुरी द्यायची निवडणूक अजून व्हायची होती. प्रश्न असा, की ज्या घटनेने बायकांना मत दिलं तिच्यावरच मत द्यायला बायका पात्र आहेत का? त्या ऑगस्टात अँडरसनबाई नोंदणी करायला गेल्या. टायरी नावाच्या नोंदणी अधिकाऱ्याने नाव लिहून घेतलं नाही. बाईंनी खटला भरला. खालचं कोर्ट त्यांच्या बाजूने लागलं, वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. त्यामुळे बायकांच्या हक्काचं कलम असलेली घटना मंजूर केली ती फक्त पुरुषांनी. आणि जिचं नाव यादीत घ्यायला नकार दिला होता, ती पुढच्या वर्षी आमदार होऊन गेली.

लाबार्थबाईंनी नाट्यगृहात बायकांनी उंच टोप्या काढून ठेवाव्यात असं विधेयक आणलं होतं. मागच्यांना रंगमंच दिसत नसे.

शिवाय देशातल्या पहिल्या महिला आमदार या नव्हेत. १८९४ साली कोलोराडोच्या खालच्या सभागृहावर क्लारा क्रेसिंगहॅम, कॅरी हॉली आणि फ्रान्सिस क्लॉक निवडून गेल्या होत्या. मार्थाचा पहिला मान आहे तो सिनेटचा.

---

पाटीपेन्सिल

फिलाडेल्फिया वाचलं आणि थांबले. मार्था तिथून शिकून निघाली १८८२ मध्ये. आणि १८८३ च्या जूनमध्ये आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली, त्याच फिलाडेल्फियात शिकायला. एका वर्षाने चुकामूक! कॉलेजं वेगळी. आनंदीबाई बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मार्था पुरुषांच्या विद्यापीठात एकटी. पण शहर तेच, तोच हिवाळा, तेच रस्ते.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशावर मराठीत पुस्तक काढलं. म्हणजे रमाबाई तिथे असतानाच, १८८७ साली, युटाच्या बायकांचं मत गेलं. आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात गेल्या, वय वर्षं एकवीस. मार्था तेव्हा तीस वर्षांची होणार होती आणि परदेशात लपून राहत होती ना? त्याबद्दल लिहाल का?

---

भीमथडी

लेख चांगला आहे, पण माझ्या मनात अडी बसली आहे ती मोकळेपणाने सांगतो. चौथी बायको होणं पत्करलेली स्त्री ही स्त्रियांच्या हक्काची पुरस्कर्ती कशी काय? आपल्याकडे द्विभार्या प्रतिबंधासाठी बायकांनी किती सोसलं. माझ्या आत्याची सवत घरात आणली होती. आत्या आयुष्यभर माजघरातून बाहेर आली नाही. त्यामुळे अशा घराची गोष्ट कौतुकाने वाचवत नाही.

---

रानजाई

@भीमथडी, तुमच्या आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमची अडी योग्य आहे. बहुपत्नीत्वाचं कौतुक मला करायचं नाही आणि मी करणारही नाही.

मार्था स्वतः मात्र त्याची बाजू घ्यायची. १८९६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राला तिने मुलाखत दिली. त्यात ती म्हणते की नवऱ्याला चार बायका असतील तर बाईला दर महिन्याला तीन आठवडे मोकळे मिळतात. शिवाय चुली-परातींपलीकडे विचार करणारी बाईच दहांत नऊ वेळा चांगली आई निघते, असंही तिचं म्हणणं.

पण याच बाईची नवऱ्याला लिहिलेली पत्रं वाचली की दुसरी मार्था दिसते. @पाटीपेन्सिल, तुम्ही विचारलंत तोच हा काळ. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने एकाहून अधिक बायकांशी संसार करणं गुन्हा ठरलं. अँगस १८८५ साली तुरुंगात जाऊन आला. मार्थाचं लग्न गुपित होतं. तिच्या पोटात मूल, म्हणजे नवऱ्याविरुद्धचा चालताबोलता पुरावा. आणि त्यापेक्षाही अवघड म्हणजे ती डॉक्टर. किती घरांतली बाळंतपणं तिने केली होती. कोणत्या बाळाचा बाप कोण हे तिला ठाऊक. कोर्टाने साक्षीला उभी केली असती तर तिच्या एका शब्दावर कितीतरी बाप तुरुंगात गेले असते आणि घरं उघड्यावर पडली असती. म्हणून १८८६ मध्ये ती तान्ह्या एलिझाबेथला घेऊन इंग्लंडला निघून गेली. खोट्या नावाने राहिली. लेकराला दुखणं, जवळ माणूस नाही, नवऱ्याची पत्रं उशिरा येणार, आणि तो दुसऱ्या कुठल्या बायकोबरोबर आहे ही सल. ते सगळं पत्रांत आहे. तीन मोकळे आठवडे म्हणणारी आणि ती पत्रं लिहिणारी बाई एकच आहे. यातली एक खरी आणि दुसरी खोटी असं मला करता येत नाही.

---

माळरान

धागा वाचताना सारखं आपल्याकडचं आठवत होतं. १८९२ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात काही जागा नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांच्या शिफारशीने भरायच्या झाल्या. कायद्यात 'निवडणूक' हा शब्दही नव्हता. टिळक १८९५ साली या वाटेने कौन्सिलात गेले, १८९७ साली पुन्हा गेले. गोखले १८९९ साली. सामान्य माणसाला मत नव्हतं, बाईचा तर प्रश्नच नाही. मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं ते १९२१ नंतर. हे समोर ठेवलं की युटाच्या खाणकामगाराच्या बायकोने १८९६ साली पाच नावांवर खुणा केल्या ही गोष्ट केवढी मोठी वाटते.

एक शंका. अमेरिकेच्या इतिहासात राज्यांच्या विधिमंडळाच्या या निवडणुकांना एवढं महत्त्व का देतात? तो काय फक्त राज्याचाच कारभार ना?

---

अनुस्वार

@माळरान, कारण १९१३ पर्यंत वॉशिंग्टनला जाणारा सिनेटर लोक निवडत नसत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, तसंच थोडंसं. म्हणून आमदार निवडताना अर्धं लक्ष दिल्लीवर, म्हणजे वॉशिंग्टनवर असायचं.

युटात याची मोठी रंगत झाली. १८९७ च्या अधिवेशनात सिनेटर निवडायला बसले. एक इच्छुक मोझेस थॅचर. हा चर्चच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे वरिष्ठ पुढाऱ्यांपैकी, एक होता, पण निवडणुकीला उभं राहण्याआधी चर्चची परवानगी घ्यावी या फर्मानावर त्याने सही केली नाही, म्हणून १८९६ च्या नोव्हेंबरात त्याला प्रेषितपदावरून काढलं. चर्चने राजकारणात किती हात घालायचा, हाच मग वादाचा विषय झाला. मतदानाच्या त्रेपन्न फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे जोसेफ रॉलिन्स निवडून आला. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, दीडशेहून जास्त फेऱ्या झाल्या तरी कोणालाच बहुमत मिळेना. अधिवेशन संपलं आणि युटाची एक जागा १९०१ पर्यंत रिकामी राहिली. या सगळ्या फेऱ्यांत मार्थाही एक मतदार होती. म्हणजे देशाच्या सिनेटरच्या निवडीत बाईचं मत मोजलं जात होतं, देशभरातल्या बायकांना मत मिळायच्या वीस-बावीस वर्षं आधी. हे मला आत्ता लिहिताना पहिल्यांदाच नीट जाणवलं. माझा वरचा 'लाट' वाला मुद्दा थोडा कोता होता. तिकीट कोणामुळे मिळालं यापेक्षा आत जाऊन बसल्यावर काय करता येत होतं, हे जास्त मोठं आहे.

---

सांजवात

मी कोळिकोडला सून म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. माहेर साताऱ्याचं. इथल्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी काही वर्षं लढा दिला. बसायला नाही, लघवीला जायची सोय नाही, दिवसभर पाणी न पिता राहायच्या. २०१८ साली केरळने दुकानांचा कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने २०२१ साली तसंच केलं. तो हक्क मिळाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक चेची, म्हणजे ताई, म्हणाल्या होत्या, पहिल्या दिवशी स्टुलावर बसले तर मलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं.

युटा १८९७, केरळ २०१८. मध्ये एकशे एकवीस वर्षं. रानजाईताई, आईंना नमस्कार सांगा.

---

गवतीचहा

खूपच माहितीपूर्ण. तिचं पुढे काय झालं? आणि नवऱ्याने हे पाडणं कसं घेतलं? वर्तमानपत्रांनी तर उचलून धरलं असेल.

---

रानजाई

@सांजवात, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. चेचींचं वाक्य ऐकून ती कितीतरी वेळ मान हलवत होती.

@गवतीचहा, वर्तमानपत्रांनी अर्थातच सोडलं नाही. डेमोक्रॅट बाजूच्या 'सॉल्ट लेक हेरल्ड'ने प्रचारातच लिहिलं होतं की दोघांत मिसेस कॅनन याच सरस गडी आहेत, त्यांना सिनेटवर पाठवा आणि मिस्टर कॅनन यांना घरचा कारभार बघू द्या. 'ट्रिब्यून'ने त्यावर अँगसला चिथावलं. संसार मात्र मोडला नाही. मार्था तेव्हाही आधीसारखीच आपल्या वेगळ्या घरात राहत होती, आपली प्रॅक्टिस करत होती.

१८९८ मध्ये राज्याचं आरोग्य मंडळ उभं राहिलं आणि तीही त्यावर सदस्य होती. मूक-बधिरांच्या शाळेच्या मंडळावरही ती होती. १८९९ च्या एप्रिलमध्ये तिला तिसरं मूल झालं, ग्वेन्डोलिन. बहुपत्नीत्व सोडल्याचं चर्चने जाहीर करून नऊ वर्षं उलटली होती. अँगसला अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. त्याने दंड भरला आणि त्याचं सुटलं. मार्थाचं राजकारण मात्र तिथेच संपलं. त्यानंतर ती कधी निवडणुकीला उभी राहिली नाही. @भीमथडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. ज्या व्यवस्थेची ती बाजू घेत होती, तिनेच तिची खुर्ची काढून घेतली. चाळिशी नुकती ओलांडलेली, राज्यातली सगळ्यात शिकलेली आमदार, आणि एका बाळंतपणाने घरी बसली. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये गेली.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. युटाने टेलिव्हिजनचे जनक फायलो फार्न्सवर्थ यांचा पुतळा हलवून तिथे मार्थाचा पुतळा पाठवायचं ठरवलं. २०२४ च्या डिसेंबरात तो तिथे बसला. त्याआधी तो इथल्या विधानभवनात होता, तेव्हा मी दोनदा जाऊन पाहिला. आईला तो दाखवता आला नाही, याची रुखरुख राहिली.

---

भीमथडी

@रानजाई, उत्तर पटलं. शंभर डॉलर आणि अख्खं राजकारण, हा हिशेब बघून गप्प झालो. आत्याच्या मुलीला हा धागा पाठवतो आहे.

---

पाटीपेन्सिल

स्टुलाचा कायदा झाल्यावर दुकानदारांनी तो पाळला का, हाही खरा प्रश्न आहे. कायदा कागदावर आणि स्टूल माळ्यावर, असं आपण किती ठिकाणी बघतो. आईंना विचारा ना, त्यांच्या दुकानात नुसता कायदा आला असता तर त्या बसल्या असत्या का?

---

रानजाई

@पाटीपेन्सिल, आत्ता विचारलं. आई पोळ्या लाटत होती. आधी म्हणाली, "शेठ बघत असताना? छे." मग पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "पण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. शेठ जेवायला घरी जायचे. तेव्हा स्टूल असतं तर आम्ही तिघी आळीपाळीने बसलो असतो. शालन सातव्या महिन्यापर्यंत उभी होती, तिला आधी बसवलं असतं."